रोज एक पान: वही, वेळ, सराव आणि रविवारचं फेरवाचन

गोदातीर (धागाकर्ती) | सोमवार, सकाळी ७.१०

२७ फेब्रुवारी जवळ आला की 'आता रोज लिहायचं' असं ठरवणारे आपल्याकडे वाढतात. तो मराठी भाषा गौरव दिन, तात्यासाहेबांचा म्हणजे कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. त्यांच्या नाशकात ते साहजिकच आहे. पण गुढीपाडव्याला वही उघडून बघावी, तर पहिली आठ-दहा पानं भरलेली आणि पुढची कोरी. बहुतेक वेळा पहिल्या दिवशी ठरवलेलं मापच चुकलेलं असतं, म्हणून सुरुवात मापापासून करते.

लाँगबुकाच्या एका पानावर साधारण २५ ते २८ ओळी मावतात. मराठीत ओळीला ८-९ शब्द बसतात, म्हणजे पानाला २०० ते २५० शब्द. विचार करत हाताने लिहिताना मिनिटाला १२-१५ शब्दांपेक्षा जास्त वेग टिकत नाही. एका पानाला १५ ते २० मिनिटं लागतात ती अशी. हेच रोजचं माप ठेवा. 'रोज १००० शब्द' म्हणजे सव्वा तास, आणि नोकरी-घर सांभाळून सव्वा तास रोज निघत नाही. तिसऱ्या दिवशी तो निघाला नाही की चौथ्या दिवशी वही उघडायचंच जिवावर येतं.

पानाच्या खाली आणखी एक माप हवं: किमान पाच ओळी. घरात पाहुणे आहेत, ताप आहे, प्रवास आहे, तेव्हा पाच ओळी झाल्या की दिवस भरला असं धरायचं. हे माप आधीच ठरवून ठेवा. दमलेल्या रात्री ठरवायला बसलात तर ते शून्यावर येतं.

लिहायचं फक्त उजव्या पानावर, डावं कोरं. २०० पानी वहीत उजवी पानं १००, म्हणजे आठवड्याला सहा दिवस लिहून वही साधारण चार महिने पुरते. डावं पान कशासाठी ते ओघात येईलच. मत मात्र आत्ताच सांगते: सहा दिवस लिहिण्याने सवय लागते आणि हात सुधारतो तो सातव्या दिवशी, मागचं वाचून एक तुकडा पुन्हा लिहिताना. ज्यांचा सातवा दिवस राहून जातो त्यांच्या पहिल्या महिन्यातल्या चुका बाराव्या महिन्यातही तशाच्या तशा असतात.

बाकीच्यांनी भर घालावी. अडचणीही विचारा.

सातपूर_तिन्ही_पाळ्या | सोमवार, दुपारी ३.४५

ताई, 'रोज सकाळी सहाला' हा सल्ला सगळीकडे दिसतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ज्यांची पाळी दर आठवड्याला फिरते त्यांनी काय करायचं? रात्रपाळीला सकाळी सहा म्हणजे कामाचा शेवटचा तास.

गोदातीर | सोमवार, रात्री ९.२०

दादा, घड्याळाची वेळ सोडा आणि एखाद्या कृतीला बांधा. पाळी कोणतीही असो, रोज एकदाच आणि त्याच क्रमाने होणारी कृती शोधायची. कामावरून आल्यावर हातपाय धुऊन घेतलेला चहा ही तशी चांगली गाठ आहे. चहाचा कप ठेवतो त्याच जागी वही ठेवा. वाक्य नेमकं करून वहीच्या पहिल्या पानावर लिहा: 'घरी आल्यावर चहाचा कप हातात घेतला की वही उघडेन.' 'वेळ मिळेल तेव्हा' असं लिहू नका. तेवढ्यावर कुणाचाही वेळ निघालेला नाही.

दोन धोके. जेवणानंतरची गाठ बांधू नका, रात्रपाळीहून आल्यावर जेवण झालं की डोळे मिटतात. आणि डब्यात वही घालून 'कामावर सुट्टीत लिहीन' हेही टिकत नाही. त्या अर्ध्या तासात जेवण, हात धुणं आणि चार माणसांशी बोलणं असतं. बोलण्याकडे कान द्या, लिहा घरी आल्यावर.

पाळी बदलण्याच्या दिवशी, म्हणजे दुसरीवरून रात्रीवर जाताना, फक्त पाच ओळी धरा. सवय तुटते ती नेमकी या सांध्यावर.

मेनरोडची_वही | मंगळवार, सकाळी ११.०५

वही-पेनाबद्दल लिहितो, कारण यात पैसेही वाया जातात आणि हातही दुखतो.

महागडी कडक पुठ्ठ्याची डायरी घेऊ नका. तिच्यात वाईट वाक्य लिहायला हात धजत नाही, आणि रोजच्या लेखनात वाईट वाक्यं यायलाच हवीत. शिवाय छापील तारखांची डायरी असली की चुकलेला दिवस कोरा राहून डोळ्यांत खुपतो. साधं लाँगबुक घ्या, शिवलेल्या बांधणीचं. स्पायरलची वही डाव्या पानावर लिहिताना मनगटाला टोचते आणि आपल्याला तर डावं पान लागणार आहे.

कागद बोटांनी चाचपून बघा. ६० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला ६० ग्रॅम वजनाच्या) खालचा कागद बॉलपेनलाच बरा, शाईचं पेन त्याच्यावर मागे उमटतं. शाईचं पेन वापरायचं असेल तर ७० ते ८० जीएसएम बघा. जुलै-ऑगस्टमध्ये हवा दमट असते तेव्हा चांगल्या कागदावरही शाई फुटते. त्या दोन महिन्यांत जेल किंवा बॉलपेन बरं, आणि वही खिडकीच्या कट्ट्यावर ठेवू नये.

बॉलपेन दाबून लिहावं लागतं. अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं तर आधी पकड बघा: टोकापासून बोटं साधारण इंचभर मागे, आणि टेबल एवढंच उंच की कोपर काटकोनात राहील. पलंगावर पोटावर वही घेऊन लिहिलं की पहिल्या पंधरवड्यात मान धरते, आणि दोष लेखनाला दिला जातो.

समास सोडा, दोन बोटं. आपल्या टाकळीला समर्थ रामदासांनी तपाची बारा वर्षं काढली. त्यांच्या दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास, म्हणजे प्रकरण, सगळा लेखनक्रियेवरच आहे. भोवती जागा सोडावी, ओळीला ओळ लागू नये, पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत अक्षर एकसारखं असावं, इतकं बारीक त्यात सांगितलंय. तिथे कडेचा समास पोथीसाठी आहे. आपल्याला तो रविवारी खुणा करायला लागतो.

कॉलेजरोड_सायकल | मंगळवार, दुपारी १.३०

मोबाइलवर लिहिलं तर चालेल का? वही रोज जवळ नसते.

मेनरोडची_वही | मंगळवार, दुपारी २.१०

चालेल, दोन अटींवर. लिहिताना विमान मोड लावायचा. आणि रोजची नोंद वेगळी, तिचं नाव वर्ष-महिना-दिवस या क्रमाने द्यायचं, म्हणजे यादी आपोआप तारखेप्रमाणे लागते. सगळं एकाच लांबलचक नोंदीत टाकत गेलात तर महिन्याने त्यातलं काही सापडणार नाही. आठवड्यातून एकदा ते सगळं स्वतःलाच मेल करा.

मोबाइलवरची खरी अडचण वेगळीच आहे. पुढचा शब्द तो सुचवतो, आणि तो सुचवतो तो सगळ्यांचा शब्द. 'निसर्गरम्य' टंकलं की पुढे 'वातावरण' हजर. शब्दसूचना बंद करून ठेवा.

निफाडची_लेक | मंगळवार, रात्री १०.००

'विषय संपतात' ही तक्रार पुढे येणारच, म्हणून आधीच सांगते. विषय बदलत राहू नका. एकच गोष्ट पंधरा दिवस बघा.

द्राक्षाचं उदाहरण घेते. ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली की एक वेल निवडायचा आणि रोज त्याच जागी उभं राहून पाच ते आठ ओळी लिहायच्या. पहिले तीन-चार दिवस काहीच बदलत नाही. नुसती काडी, कापलेल्या टोकाला ओल. हेच दिवस सरावाचे. काही घडत नसताना काय दिसतं, ते लिहायला माणूस इथे शिकतो: सालीचा रंग, तारेवरचा गंज, काडी तारेला कशाने बांधलीय. मग काडीवरचे डोळे फुगतात, कापसासारखं काहीतरी दिसतं, पोंगा येतो, म्हणजे कोवळ्या पानांची गुंडाळी बाहेर पडते. पुढे फेलफूट (घड नसलेली फूट) काढणं, विरळणी, डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं), आणि कित्येक आठवड्यांनी मण्यात पाणी उतरणं.

या शब्दांकडे बघा. 'मण्यात पाणी उतरलं' हे तीन शब्द ज्याच्याकडे आहेत त्याला 'द्राक्षं पिकू लागली होती' असं लिहायची गरज पडत नाही. 'पोंगा' शब्दाला तर शहरी मराठीत जोडच नाही. निरीक्षणाच्या सरावात अर्धं काम डोळ्यांचं आहे आणि अर्धं विचारण्याचं: 'याला काय म्हणतात?' वहीच्या शेवटची दहा पानं अशा शब्दांसाठी राखून ठेवा. शब्द, कुणाच्या कामातला, कोणत्या वाक्यात ऐकला. अर्थ नुसता लिहून ठेवला तर शब्द वापरता येत नाही, वाक्य लागतंच.

शेत नसेल तर चांभाराची पेटी, रसवंतीचा चरक, सोसायटीचा पंप, काहीही चालेल. अट एवढीच की ते रोज दिसलं पाहिजे आणि त्याच्याशी कुणाचा तरी हात रोज लागत असला पाहिजे.

बागेत राबणाऱ्यांसाठी वेगळं सांगते. छाटणीचा आठवडा आणि काढणीचे दिवस यांत पानभर लिहायचा आग्रह धरू नका. पाच ओळींवर उतरा आणि ते कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवा.

पंचवटीकर | बुधवार, सकाळी ६.५०

निफाडच्या ताईंनी बघायचं कसं ते सांगितलं. बघितलेलं वाक्यात येताना कुठे सांडतं, ते एका तुकड्यावर दाखवतो. गोदावरीच्या पुरावर आपल्याकडे कोणीही वही उघडली की पहिला खर्डा साधारण असा येतो:

"काल गोदावरीला प्रचंड पूर आला होता. नदीने रौद्र रूप धारण केलं होतं. बघ्यांची तोबा गर्दी झाली होती. व्यापाऱ्यांच्या मनात भीतीचं वातावरण होतं. निसर्गापुढे माणूस किती क्षुद्र आहे हे जाणवलं."

पाच वाक्यं. यातलं एकही लिहायला पुलावर जावं लागत नाही. 'रौद्र रूप', 'तोबा गर्दी', 'भीतीचं वातावरण' हे बातमीतून तयार मिळालेले जोड आहेत, आणि शेवटचं वाक्य शाळेच्या निबंधातून आलंय. आता याच पाच वाक्यांना एकेक प्रश्न विचारा. प्रचंड म्हणजे कुठपर्यंत? तुम्ही कुठे उभे होता? किती वाजता? भीती कुणाच्या हातात दिसली?

"दुपारी दोनला दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी होतं, चारला छातीला लागलं. भांडीबाजारात एक दुकानदार पितळी पातेली एकात एक घालून वरच्या फळीवर चढवत होता. मोठं तपेलं फळीवर मावेना, ते त्याने हातगाडीवर पालथं घातलं. शेजारी गल्ल्यावर बसलेला म्हणाला, 'गळ्याला लागलं की सांग,' आणि वही पुढे ओढून बेरीज करायला लागला."

पुराचं माप आपल्या गावात मारुतीच्या अंगावर मोजतात, त्यामुळे 'कमरेला', 'छातीला', 'गळ्याला' या शब्दांत भीती आपोआप चढत जाते. ती वेगळी सांगावी लागली नाही. 'प्रचंड' गेला, 'क्षुद्र' गेला. शब्द मात्र दीडपटीच्या आसपास झाले, हेही बघा. नेमकं लिहिणं म्हणजे थोडक्यात लिहिणं असा एक समज आहे, तो मनातून काढून टाका.

एक उणीव राहिलीच. नागपूरच्या वाचकाला दुतोंड्या मारुती माहीत नाही. त्याच्यासाठी पहिल्या वाक्याआधी एवढं हवं: 'रामकुंडाजवळ नदीच्या पात्रात दोन तोंडांचा मारुती उभा आहे. पाणी किती चढलं ते गाव त्याच्यावरून सांगतं.' आपल्या गावावर लिहिताना अशी वाक्यं हमखास राहून जातात, कारण आपल्याला ती लागत नाहीत.

कॉलेजरोड_सायकल | बुधवार, सकाळी ९.१५

हा खर्डा-दुसरा खर्डा प्रकार कामाचा आहे. म्हणजे लिहितानाच असं सुधारत जायचं का?

पंचवटीकर | बुधवार, सकाळी ९.४०

नाही. लिहिताना पहिला खर्डा जसा येईल तसा येऊ द्या, 'रौद्र रूप' आलं तरी. वाक्य खोडून पुन्हा लिहीत बसलात तर २० मिनिटांत चार ओळी होतात आणि पाचवी सुचत नाही. सुधारणा रविवारी, डाव्या पानावर.

रोजचं लेखन थांबवताना वाक्य अर्ध्यात सोडा, पुढे काय येणार हे ठाऊक असताना. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानासमोर बसावं लागत नाही.

रविवार_कारंजा | बुधवार, रात्री ८.३०

मला थोडा विरोध नोंदवायचाय. रोज लिहिण्याचा इतका आग्रह का? रोजचं माप भरायचं म्हणून माणूस पाट्या टाकायला लागतो. फेसबुकवर 'दिवस ४७' असं लिहून रोज चार ओळी टाकणारे बघा. सत्तेचाळिसाव्या दिवसाचं लेखन सातव्या दिवसासारखंच असतं. आठवड्यात दोनदा, पण तीन-तीन तास जीव ओतून लिहिलेलं केव्हाही सरस. आणि २१ दिवसांत सवय लागते म्हणतात, मग २१ दिवसांनंतर हे मोजणं कशाला?

गोदातीर | बुधवार, रात्री १०.१५

दादा, पाट्या टाकण्याबद्दल तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. उपाय मात्र वेगळा वाटतो.

आधी २१ दिवसांचं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास आहे, २०१० साली छापून आलेला. प्रत्येकाने खाणं, पिणं किंवा व्यायाम यांतली एक साधी कृती रोज ठरलेल्या प्रसंगाला जोडून करायची होती. ती अंगवळणी पडायला मध्यक ६६ दिवस आला (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) आणि पल्ला १८ पासून २५४ दिवसांपर्यंत निघाला. पाणी पिण्यासारखी कृती लवकर बसते, व्यायामाला वेळ लागतो. लेखन त्यातल्या अवघड बाजूचंच धरा. लीप वर्ष नसेल आणि २७ फेब्रुवारी पहिला दिवस धरला, तर ६६ वा दिवस ३ मेला येतो. म्हणजे पाडव्याला वही बंद करणारा निम्म्या वाटेवरूनच परत फिरलेला असतो. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणून चुकलेला दिवस भरून काढायला दुसऱ्या दिवशी दोन पानं लिहू नका. तारीख टाका, त्या दिवसाचं एकच पान लिहा.

आठवड्यातून दोनदा तीन तास, हे ज्यांचा हात आधीच तयार आहे त्यांना जमतं. नवशिक्याचा पहिला तास वही शोधण्यात आणि मागचं आठवण्यात जातो, आणि ते तीन तास एका लग्नाने किंवा एका पाहुण्याने हुकतात.

आता पाट्यांचं. फेसबुकवर रोज टाकलेलं बिघडतं, कारण आज लिहिलेलं आजच आवडावं लागतं. मग ज्या वाक्याला काल दाद मिळाली त्याच घडणीचं वाक्य आज येतं. पहिले शंभर दिवस कुठेही टाकू नका. आणि रविवारी पाऊण तास खालीलप्रमाणे बसा. हे क्रमाने करा, कारण क्रम उलटला की नुसतं शुद्धलेखन तपासणं होतं.

सहाही पानं मोठ्याने वाचायची, पेन्सिल हातात. पुटपुटून वाचलं तर चालत नाही, जीभ अडते ती जागा कानाला कळली पाहिजे. जिथे अडलात तिथे समासात आडवी रेघ. जिथे कंटाळा आला तिथे फुली. जो जोड बाहेरून आलाय, म्हणजे पंचवटीकरांचं 'रौद्र रूप', त्याच्याखाली नागमोडी. आणि एखादं वाक्य, जे दुसऱ्या कुणाला लिहिता आलं नसतं असं वाटतं, त्याला चौकट. सहा पानांत एकच चौकट मिळाली तरी आठवडा चांगला गेला. एकही नाही मिळाली तर ओढूनताणून करू नका.

वाचायला वीस मिनिटं गेली. उरलेल्या पंचवीस मिनिटांत सर्वांत जास्त खुणा असलेला एकच परिच्छेद घेऊन त्याच्या समोरच्या डाव्या पानावर पुन्हा लिहायचा. मूळ न बघता, आठवून. जे आठवत नाही ते बहुधा गाळण्यासारखंच असतं.

मग शेवटचं काम: पुढच्या आठवड्यासाठी एकच सूचना. 'विशेषण न वापरता', 'प्रत्येक पानात एक आवाज', 'वाक्याची सुरुवात "मी" ने नाही'. एकच. तीन दिल्या की एकही पाळली जात नाही. पाट्या टाकणं थांबतं ते या सूचनेमुळे, कारण रोज पान भरण्यापलीकडे काहीतरी जमवायचं असतं.

रविवार_कारंजा | गुरुवार, सकाळी ७.५५

फेरवाचनाचा हा भाग असेल तर माझा विरोध निम्मा मागे. फेसबुकबद्दल एकमत आहेच.

बागलाणी | गुरुवार, दुपारी १२.२०

संवादांचं कोणी लिहिलं नाही. कथा लिहिणाऱ्याला सर्वांत आधी इथेच ठेच लागते.

सराव असा: सीबीएसवर (मध्यवर्ती बसस्थानकावर) किंवा सिटीलिंकच्या बसमध्ये दहा मिनिटं नुसतं ऐकायचं, मोबाइलमध्ये ध्वनिमुद्रण करायचं नाही. तासाभराच्या आत आठवून सहा ओळींचा संवाद लिहायचा. कानाने काय गाळलं आणि काय ठेवलं, हाच सराव आहे. नावं, गाव, आजार असे ओळख पटवणारे तपशील लिहितानाच बदलायचे.

पहिल्या प्रयत्नात साधारण असं येतं:

"नमस्कार मावशी, तुम्ही कुठे चालला आहात?"
"मी निमाणी बसस्थानकावर चालले आहे."
"पण मावशी, ही बस तर नाशिकरोडला जाते."

बसमध्ये असं कोणी बोलत नाही. ऐकू येतं ते असं:

"कुठं जाऊ राहिल्या मावशी?"
"निमाणी."
"मग उतरा ना. ही रोडला चालली."

'जाऊ राहिल्या' हे आपल्याकडचं क्रियापद एकटंच गाव सांगतं. 'रोड' म्हणजे नाशिकरोड, हे सांगणारा आणि ऐकणारी दोघांना ठाऊक आहे, म्हणून कोणी पूर्ण नाव घेत नाही. प्रश्नाचं उत्तर पूर्ण वाक्यात कधीच येत नाही.

उलटी चूकही होते. सटाणा-मालेगावकडचं पात्र असलं की लेखक प्रत्येक शब्द अहिराणीत घालतो आणि कोकणातला वाचक तिसऱ्या ओळीला पुस्तक मिटतो. क्रियापदाची घडण आणि हाक मारायचे शब्द बोलीतले ठेवा, बाकी सोपं ठेवा. आणि ज्या बोलीचं घरात कानावर काहीच नाही, ती कथेत आणण्याआधी ती बोलणाऱ्याकडून वाचून घ्या. मिरवायला घातलेली बोली पहिल्या वाक्यात ओळखू येते.

कॉलेजरोड_सायकल | गुरुवार, दुपारी ४.००

आणखी एक. शुद्धलेखन कच्चं असेल तर आधी ते पक्कं करावं का? त्या भीतीनेच हात अडतो.

मुद्रितवाचन | गुरुवार, संध्याकाळी ६.३०

आधी नको, बरोबरीने करा. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम एकूण १८ आहेत, १४ नियम १९६२ चे आणि ४ नंतर १९७२ मध्ये जोडलेले. एका दिवसात वाचून होतात. पण लिहिताना ते डोक्यात ठेवायचे नाहीत. रविवारी खुणा करून झाल्यावर आपले चुकलेले शब्द वेगळ्या पानावर उतरवा. महिनाभरात दिसेल की आपण शेकडो शब्द चुकत नाही, तेच दहा-बारा शब्द पुन्हा पुन्हा चुकतो, आणि त्यांतले बरेच एकाच नियमाचे असतात. उदाहरणार्थ, 'गरीब' पण 'गरिबाला', 'फूल' पण 'फुलाला', 'मूल' पण 'मुलाला'. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द सोडले, तर शेवटून दुसऱ्या अक्षरातला दीर्घ ई-ऊ प्रत्यय लागताना बहुधा ऱ्हस्व होतो. हा एक नियम हाताला बसला की यादी एकदम आखूड होते.

टंकताना होणाऱ्या चुका निराळ्या. 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'ऱ्हस्व' यांतला 'ऱ' हे वेगळं अक्षर आहे, खाली टिंब असलेलं. तो नेहमीच्या 'र' ने टंकला की 'दुसर्या' होतं आणि वाचक 'सूर्या'सारखं वाचतो. 'ॲ' साठीही स्वतंत्र अक्षर आहे, 'अ' वर चंद्र चिकटवू नका. काही पडद्यांवर तो सुटा दिसतो. आणि जे काही पाठवाल ते युनिकोडमध्ये. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा काला होतो. मग संपादक ती परत पाठवतो किंवा बाजूला ठेवतो.

बोलून टंकणाऱ्यांनी लक्षात ठेवा, त्यात बोली सपाट होते. बागलाणी यांचं 'जाऊ राहिल्या' यंत्र बदलून टाकू शकतं, म्हणून संवाद तरी हाताने लिहा.

सातपूर_तिन्ही_पाळ्या | गुरुवार, रात्री ११.४०

शंभर दिवस झाले, वही भरली. मग त्यातून कथा किंवा लेख कसा बाहेर काढायचा? की ती पानं तशीच राहणार?

गोदातीर | शुक्रवार, सकाळी ७.२५

बरीचशी तशीच राहणार, आणि राहू द्या. शंभर पानं म्हणजे वीस-पंचवीस हजार शब्द. त्यातून चौकटीतली वाक्यं वेगळी काढा, पंधरा-वीस निघतील. ती सुट्या चिठ्ठ्यांवर उतरवून टेबलावर पसरा. बघायचं एवढंच की कोणत्या दोन-तीन चिठ्ठ्या एकाच माणसाकडे किंवा एकाच जागेकडे जाताहेत. भांडीबाजारातला तो बेरीज करणारा तीन वेगळ्या दिवशी आला असेल तर कथा तिथे आहे.

मग एक महिना रोजचं पान त्याच माणसावर. आज त्याचं दुकान, उद्या त्याच्या घरचं जेवण, परवा तो कुणाशी खोटं बोलला. कथेचा क्रम लावायचा नाही, तुकडे जमवायचे. २५ तुकडे म्हणजे पाच-सहा हजार शब्द होतात, आणि त्यातून अडीच-तीन हजारांची कथा निघते. निम्मं गळतं. ते गळणं आधीच हिशेबात धरा, म्हणजे दुःख होत नाही.

दिवाळी अंकाला द्यायची असेल तर तारीख उलटी मोजा. बऱ्याच अंकांची जुळवाजुळव पावसाळ्याच्या सुरुवातीला चालू होते, म्हणून मेअखेर पक्की प्रत हातात असावी. त्याआधी दोन आठवडे ती बंद ठेवायची, तत्पूर्वी महिनाभर पुनर्लेखन, म्हणजे तुकडे एप्रिलच्या मध्यापर्यंत पूर्ण हवेत. फेब्रुवारीच्या शेवटी पहिल्यांदा वही उघडणाऱ्याने यंदाचा अंक डोळ्यांपुढे ठेवू नये. पुढच्या वर्षीचा ठेवावा.

रोजचं वाचन मात्र कमी होऊ देऊ नका. लिहायला लागलं की वाचन आपोआप मागे पडतं आणि दोन महिन्यांत वाक्यं एकसुरी होतात. लिहिण्याइतकाच वेळ वाचनाला द्या. आपल्याकडे १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते, तिथे टिपणं न घेता व्याख्यान ऐकून दुसऱ्या सकाळी १०० शब्दांत सार लिहिणं हाही उत्तम सराव.

निफाडची_लेक | शुक्रवार, सकाळी ८.०५

एकमेकांचं वाचायचं ठरवलं तर? रविवारचं फेरवाचन एकट्याने किती दिवस जमेल, शंका वाटते.

पंचवटीकर | शुक्रवार, सकाळी ८.५०

पहिले दोन महिने एकट्यानेच करावं, आपल्या खुणा आपल्याला करता यायला हव्यात. त्यानंतर चार जणांचा गट पुरे. सहाच्या पुढे गेलात की प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा मिनिटंही येत नाहीत.

महिन्यातून एकदा, दीड तास. प्रत्येकाने ३०० शब्दांचा एकच तुकडा आणायचा, बाकीच्यांसाठी तीन प्रती काढून. वाचताना लेखक बोलणार नाही, 'मला यात असं म्हणायचं होतं' हे वाक्य बंद. वाचून दाखवायचं दुसऱ्याने, लेखकाने नाही. परका वाचक जिथे अडखळतो ती जागा लेखकाला स्वतः वाचताना कधीच सापडत नाही. ऐकणाऱ्यांनी 'छान आहे' म्हणायचं नाही. दोनच गोष्टी सांगायच्या: काय डोळ्यांपुढे उभं राहिलं, आणि कुठे धागा सुटला. ओळ दाखवून.

निफाडकरांना आणि सातपूरकरांना दोघांनाही सोयीची जागा बघा, आणि पाळीचं वेळापत्रक हातात आल्यावरच तारीख ठरवा.

सातपूर_तिन्ही_पाळ्या | शुक्रवार, दुपारी २.३०

महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पहिली पाळी आहे, दुपारी साडेतीननंतर मोकळा. दुसरा रविवार चालेल का? तीन प्रती मी काढून आणतो.

निफाडची_लेक | शुक्रवार, दुपारी ३.०५

चालेल. दुपारी चार. माझा तुकडा पोंग्याचा आहे, त्यात 'फेलफूट' शब्द समजतो का ते तुम्हीच सांगा, मी समजावून सांगणार नाही.